रिकाम्या रानाची फेरी

"बगळे, घरट्यापाशी पाय थांबवायचा नाही. दिसलं, की काही दिसलंच नाही अशी पुढे चालत राहा. कावळा घरटं शोधत नाही गं, तो माणसाचे पाय कुठे थांबतात ते बघत बसतो."

आत्याने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा भाचीला हसू आलं होतं. लांब पायांमुळे आत्या तिला बगळीच म्हणायची. टिटव्या उघड्यावर, ढेकळांमध्ये अंडी घालतात. खड्यांत खडे वाटावेत अशी. दर हंगामात आत्या शेतं तुडवून ती हुडकायची आणि जरा दूर काठी रोवायची, म्हणजे ट्रॅक्टर वळसा घालून जाई. पूर्वी या रानात टिटव्यांच्या ओरड्यापुढे माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. यंदा एकच जोडी आली, आणि नेमकं यंदाच आत्याने अंथरूण धरलं.

"शब्द दे," आत्या उशीवरून म्हणाली होती. "हंगाम सरेपर्यंत एकही फेरी चुकवायची नाही. पाखरं असोत, नसोत."

"नसली तर काय बघायचं?"

"नाहीत, हेच बघायचं. कुणी गेलंच नाही, तर उद्या लोक म्हणतील, इथे कधी काही नव्हतंच."

भाचीने तिचा सुकलेला हात हातात घेतला. "दिला शब्द. आता पेज घे मुकाट्याने."

घरटं सापडलं त्या सकाळी ऊन कोवळं होतं. चार अंडी, टोकं आत वळवून मांडलेली. टिटवी डोक्यावरून झेपा घेत कलकलत होती. भाची न थांबता पुढे गेली, जरा दूर काठी रोवली, आणि परतताना, पुन्हा त्याच जागी आली असताना, फोन वाजला. भाऊ होता.

"ताई, घरी ये. आत्या गेली."

पाय तिथेच थिजले. ती मटकन खाली बसली. किती वेळ बसली, तिलाच ठाऊक नाही. विजेच्या खांबावर कावळा होता, आणि तो तिला दिसलाही नाही.

दिवसकार्य आटोपून ती रानात गेली, तेव्हा ट्रॅक्टरवाले काका बांधावर चहा पीत होते. सगळं शेत नांगरलेलं, मध्ये काठीभोवती तेवढा तुकडा तसाच.

"तुमच्या काठीला सोडलं बरं का," काका म्हणाले. "आमचा पोरगा हसतो. म्हणतो, बाबा, आता अंड्यांना पांघरूण पण घाला!"

त्या तुकड्यात फक्त टरफलं होती. टिटवीचा आवाज कुठेच नव्हता.

"कावळ्याने फोडली," ती हळूच म्हणाली. "मी थांबले होते, काका. इथेच."

काकांनी कप खाली ठेवला. "आत्याबाई गेल्या त्या दिवशी?"

तिने मान हलवली.

"मग पोरी, तुझा काय दोष? बाई असत्या तर त्याही बसल्या असत्या."

"नसत्या बसल्या," ती म्हणाली, आणि रडता रडता किंचित हसली. "चालता चालता रडल्या असत्या."

काकांनी डोळे पुसले. "आता कशाला यायचीस म्हणा. रान तर रिकामंच."



पुढच्या फेरीच्या दिवशी उजाडायच्या आत तिने आत्याचे रबरी बूट पायांत चढवले. थोडे सैल होते, म्हणून दोन मोजे घातले. दुर्बीण गळ्यात अडकवली. वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, "आज कुठे गं, एवढ्या सकाळी? आता काय राहिलंय तिथे?"

"फेरी राहिलीय," ती म्हणाली.

रानात दव होतं. खांबावर कावळा बसलेला. त्या न नांगरलेल्या तुकड्याशी आल्यावर तिला रडू आलं, पण पाय थांबले नाहीत. काही दिसलंच नाही अशी ती पुढे चालत राहिली.