ढोलाची चाल

खरं सांगू का, हे लिहिणारच नव्हतो. बराकीतलं बराकीतच राहावं असं आमच्यात म्हणतात, आणि ज्याच्यावर बेतलं तो एनिस थ्वेट अजूनही यावर चकार शब्द काढत नाही. पण परवा कँटीनमध्ये एकानं हीच गोष्ट उलटी करून सांगितली, सगळं ढोलवाल्या क्लेमच्या माथी मारून. मग मला राहवेना.

साठ साली सरकारनं दोन पलटणींची एक पलटण केली. आमची हॅम्बल्टन आणि शेजारच्या खोऱ्यातली केल्डर लाइट. बराक एक झाली, जेवण एक झालं, बँडही एक झाला. धुना मात्र दोन राहिल्या. परेडला आधी हॅम्बल्टनची वाजवायची आणि मग केल्डरची, अशी तडजोड निघाली. सुरांचं काही अडत नव्हतं, अडत होतं चालीचं. आम्ही हॅम्बल्टनवाले जमीन तुडवत जाणार. केल्डरवाले हलक्या पलटणीचे, त्यांची पावलं भरभर पडणार, शेळ्या डोंगर उतरतात तशी. आणि बँडची चाल ठरवतो मोठा ढोल. त्याची काठी पडेल तसे सगळ्यांचे पाय पडतात.

तो ढोल होता केल्डरच्या क्लेम ऑग्डनच्या गळ्यात. आणि कॉर्नेटवर, म्हणजे फुंकायच्या छोट्या पितळी वाद्यावर, आमचा एनिस. दोघांच्या खाटा शेजारी, म्हणून आधी भांडले आणि मग जमलं. ऑक्टोबरात एनिसची सैन्याच्या संगीतशाळेची परीक्षा होती. कॉर्नेटवाल्याचं सगळं नशीब त्याच्या ओठांवर. थंडीत तो तोंडावरून मफलर बांधायचा, आणि कुठं हमरीतुमरी दिसली की दुसऱ्या रस्त्यानं जायचा. तोंडावर एक बसली की मी परत बापाबरोबर लोकरीच्या गिरणीत, असं म्हणायचा. क्लेम त्याला स्वयंपाकघरातून डुकराची चरबी आणून द्यायचा, ओठ फुटू नयेत म्हणून. वर चिडवायचा, "लाव बाई लाव, नवरा बघायला येणारे."

पहिली एकत्र परेड गावातून निघाली. हॅम्बल्टनची धून सुरू झाली. पुलापर्यंत सगळं ठीक होतं. पुलानंतर उतार लागला आणि क्लेमचे हात आपोआप केल्डरच्या चालीवर गेले. पुढं निशाण घेतलेला लेफ्टनंट जवळजवळ पळायला लागला. मागं आमचे पेन्शनर म्हातारे, छातीवर पदकं खणखणतायत, धाप लागलीय, आणि धून वाजत असताना थांबायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. फुटपाथवरून कुणी केल्डरवाला म्हणाला, "आजोबांना बस गाठायचीय वाटतं." लोक फिदीफिदी हसले. तेवढ्यात रांगेतला म्हातारा स्टॅनियर तोंडावर आपटला. दगडी रस्त्यावर नाक फुटलं, पदकं गटारात गेली. मागची रांग त्याला ओलांडून पुढं गेली, कारण ढोल थांबला नव्हता.

त्याचा मुलगा, कॉर्पोरल स्टॅनियर, हे सगळं बघत चालत होता.

दुपारी कँटीनमध्ये क्लेम बिअर घेऊन बसला होता. स्टॅनियरनं दाराच्या मुठीखाली खुर्ची अडकवली आणि क्लेमचं डोकं टेबलावर आपटलं. पेला कपाळाखाली फुटला. स्टॅनियरबरोबरच्या चौघांनी क्लेमला खाली पाडलं. एकानं उजवा हात, काठीचा हात, फरशीवर दाबून धरला आणि दुसऱ्यानं त्यावर टाच रोवून उभा भार दिला. बोटं मोडल्याचा आवाज पार माझ्या टेबलापर्यंत आला. आम्ही वीसेक जण होतो, सगळे हॅम्बल्टनचे. कुणी हललं नाही. खोटं कशाला बोलू, निम्म्यांना ते हवंच होतं.

मग स्टॅनियर एनिसकडं वळला. "थ्वेट, कॉर्नेट काढ. आपली धून, आपल्या चालीत. प्रत्येक ठोक्याला याच्या बरगडीत एक लाथ. शिकू दे लेकाला हॅम्बल्टन कसे चालतात."

एनिसचा हात मफलरवर गेला. दार बंद, दुसरा रस्ता नव्हता. त्यानं वाजवायला सुरुवात केली. आणि लाथा खरंच ठोक्यावर पडायला लागल्या. धप, धप. क्लेम आधी ओरडत होता, मग नुसती हवा बाहेर पडायला लागली. एनिसच्या लक्षात आलं की ढोलाचं काम आता आपणच करतोय. तो थांबला. लाथा थांबल्या नाहीत.

तेव्हा तो टेबलावर चढला आणि त्यानं निशाण येतं तेव्हाची ललकारी वाजवली.

ही ललकारी आम्हाला भरती झाल्या दिवसापासून रक्तात भिनवलेली. ती झाली की हॅम्बल्टनचा माणूस असेल तिथं सावधान उभा राहतो, तोंडाला साबण असला तरी. मागून पूर्ण धून संपेपर्यंत हलायचं नाही. कँटीनभर टाचा जुळल्या. लाथा मारणारेही ताठ झाले, रक्तानं भरलेल्या मुठी पँटच्या शिवणीला लावून. मीही उभा राहिलो. क्लेम आमच्या पायांमधून दाराकडं सरपटायला लागला, मागं लाल पट्टा ओढत.

धून लहान आहे. संपली की लाथा पुन्हा सुरू होणार हे एनिसला कळत होतं, म्हणून त्यानं संपूच दिली नाही. शेवटच्या सुरावर आला की परत ललकारी. तिसऱ्यांदा त्याचा वरचा ओठ फाटला. हनुवटीवरून रक्त कॉर्नेटवर, कॉर्नेटवरून टेबलावर. क्लेम दारापाशी पोचला खरा, पण मोडक्या बोटांनी त्याला खुर्ची काही निघेना.

एकटा स्टॅनियर सावधान नव्हता. तो टेबलाशी आला, वर बघितलं आणि कॉर्नेटच्या तोंडावर तळहाताचा तडाखा हाणला, खालून वर, सगळा जोर लावून. पितळ एनिसच्या दातांत घुसलं. सूर चिरकला आणि बंद पडला.

क्षणभर सगळे तसेच उभे होते. मग खोली स्टॅनियरवर कोसळली. त्याच्या बापासाठी लाथा मारणारे हेच चौघे सगळ्यांत पुढं होते. आपली धून वाजवणाऱ्यावर हात टाकलेला आमच्यात कुणी पाहिला नव्हता, आणि पाहिल्यावर काय करायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. स्टूल मोडलं, मग त्याचा पाय हातात घेऊन मारलं. शेगडीवर त्याचं तोंड दाबलं. मांस जळाल्याचा वास आला तरी कुणी मागं झालं नाही. पोलिसांनी दार फोडलं तेव्हा स्टॅनियरचा एक डोळा गेलेला होता.

इस्पितळात मी भेटायला गेलो, तर एनिस आणि क्लेमच्या खाटा पुन्हा शेजारीच आलेल्या. एनिसचे पुढचे चार दात गेले, ओठ टाके घालून शिवला. परीक्षेचं नाव कुणी काढलं नाही. क्लेमचा हात प्लास्टरमध्ये. काठी धरणं आता होणार नाही, असं डॉक्टर सांगून गेला. आणि पुन्हा मारामारी नको म्हणून वरून हुकूम आला की नव्या पलटणीत केल्डरची धून वाजणार नाही.

"मुद्दाम नव्हतं केलं रे," क्लेम म्हणाला. "उतार लागला आणि हात गेले."

एनिसनं मान हलवली. ते त्याला पुलावरच कळलं होतं.

"तुझं तोंड गेलं माझ्यापायी. आणि आमची धून गेली."

एनिसनं डाव्या हाताची मूठ खाटेच्या लोखंडी दांड्यावर टेकवली आणि ठोके द्यायला लागला. आधी हॅम्बल्टनचे, जड. मग हळूहळू चाल वाढवली, शेळ्या डोंगर उतरायला लागेपर्यंत. नर्सनं वळून बघितलं, तरी थांबला नाही.

"ढोलाला दात लागत नाहीत," तो म्हणाला. शब्द टाक्यांतून ओले होऊन बाहेर आले. "मी ढोल मागून घेतो. तू शिकव. मग हुकूम काहीही असू दे, त्या पुलावरच्या उताराला दर वेळी मी तुमची चाल लावीन. दर वेळी, क्लेम. सगळ्यांना पळवीन."