लाल दोरा, पांढरा दोरा

सिंदी रेल्वेच्या बाजारात रूपरावजींचं कीटकनाशकांचं दुकान तीस वर्षं चाललं ते एका हट्टावर. कंपनीचा माणूस टाय लावून येवो नाही तर देवाची शपथ घेवो, नवं औषध आलं की ते शेतकऱ्याला बजावत, "आधी पराटीच्या चार ओळीवर मारजो. बाजूच्या चार कोऱ्या ठेवजो. मंग मले येऊन सांगजो." कपाशीच्या फवारलेल्या ओळींना लाल चिंधी, कोऱ्यांना पांढरी.

अशा माणसाच्या घरात पुतण्या मुकेशनं स्मरणशक्तीचं औषध आणून ठेवलं.

"पेप्टाइड हाय काकाजी. नाकात दोन फवारे मारले का मेंदू चकाचक! ऑनलाइन बोलावलं. काकूले द्या."

काकू म्हणजे आनंदाबाई. वर्षभरापासून तिच्या डोक्यातून गोष्टी निसटत होत्या. आधी डबे, मग वार, आणि दिवाळीत तर तिनं दारात उभ्या रूपरावजींनाच विचारलं होतं, "कोन पायजे तुमाले?" लगेच भानावर येऊन ती हसली होती. रूपरावजींना अजून हसू आलं नव्हतं.

त्यांनी सवयीनं चष्मा चढवून बाटली वाचली. 'फक्त संशोधनासाठी. माणसांच्या वापरासाठी नाही.'

"हे कोनावर आजमावलं?"

"उंदरावर. लई हुशार झाले म्हनते. मानसावर थोडंबहुत झालं, पन पक्कं काई नाई."

"माह्यं अर्धं दुकान उंदीर मारून चालते, अन् हे त्याईले हुशार करून राह्यले!"

तरी बाटली त्यांनी परत केली नाही. बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी कुठून मागवली हे कोण विचारतो? मात्र आनंदाबाईच्या नाकात ती थेट जाणार नव्हती. आधी चार ओळी. दोन सारख्या बाटल्या आणल्या. एकीत औषध भरून लाल दोरा बांधला; ती स्वतःसाठी, कारण दुसऱ्याच्या वावरात प्रयोग करणारा दुकानदार त्यांना पटत नसे. दुसरीत मिठाचं पाणी आणि पांढरा दोरा. ती शेजारच्या बंडूजींसाठी. बंडूजी निवृत्त पोस्टमन, फुकटच्या चहापुढे नाक काय, कानही पुढे करतील.

रोज सकाळी दोघं ओसरीवर बसून नाकं फवारत. मग रूपरावजी वीस कीटकनाशकांची यादी वाचून, डोळे मिटून नावं घेत. पहिल्या दिवशी अकरा आठवली, पंचविसाव्या दिवशी अठरा. वहीत आकडा लिहिताना ते पोरासारखे हरखले.

बंडूजींचं मात्र भलतंच झालं. घोळणा फुटून नाकातून रक्त आलं, झोप उडाली, आणि कधी न घडलेलं सगळं आठवू लागलं. गल्लीतल्या शोभाबाईला म्हणाले, "तुह्या पोराच्या लग्नात मीच मठ्ठा वाढला. काय वडाभात होता!" पोरगं अजून बिनलग्नाचं. पण सासुरवाडी आर्वीची, दार हिरवं, हे बंडूजींनी इतकं ठासून सांगितलं की शोभाबाई पोराला घेऊन एसटीनं आर्वीला गेली. हिरवं दार सापडलंसुद्धा. आत पिठाची चक्की होती. सून बाहेर गेली असेल, पुन्हा जाऊ, असं शोभाबाई आजही म्हणते.

रूपरावजी हादरले. वहीतला निकाल सरळ होता: औषध गुणकारी, मीठ घातक. त्यांनी घरातलं मीठ बंद केलं आणि बरणी कपाटात घालून कुलूप लावलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी ते लाल दोऱ्याची बाटली घेऊन आनंदाबाईच्या ताटाशी बसले. आज तिला पहिला फवारा द्यायचाच. तिनं आळणी वरणाचा घास घेतला आणि ताट ढकललं.

"मीठ काऊन बंद केलं जी?"

त्यांनी बंडूजींची सगळी हकीगत सांगितली. आनंदाबाई पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"अवो, मिठाचं पानी तुमच्याच नाकात गेलं! दोरे मी बदलवले, पह्यल्याच दिवशी. नाई ते तुमच्या नाकात कसं जाऊ देऊ?"

"अन् बंडूजी?"

"बंडूजी आपला कोन लागते?"

रूपरावजींना वहीतला अठराचा आकडा आठवला. रोज तीच यादी घोकली तर अठरा काय, वीसही येतील! तीस वर्षांची अक्कल मिठाच्या पाण्यात गेली होती. बंडूजींना आजच दवाखान्यात नेऊन सगळं कबूल करायला हवं होतं. पण या सगळ्यावर ताण करत एक आनंद उसळला.

"आनंदे, तुले आठवलं! म्हयन्याभराचं आठवलं!"

"काय आठवलं?"

"दोरे बदलवल्याचं."

तिनं बाटलीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "कोनते दोरे?"

रूपरावजी उठले. ओसरीवरच्या पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत अजून दोन बोटं औषध होतं. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली. कुणी सांगावं, हिला लागू पडेलही. पण चार ओळींवर आजमावायला वावर मोठं लागतं. त्यांच्याकडं एकच झाड होतं.

परसात खड्डा करून त्यांनी बाटली पुरली. हात धुतले, कुलूप काढलं, तिच्या वरणात चिमूटभर मीठ घातलं आणि दोऱ्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती मन लावून ऐकत होती. दोरे बदलणाऱ्या बाईवर खूश होऊन तिनं टाळीसुद्धा दिली.

"पन त्या बंडूजीचं कसं वं?" रूपरावजींनी विचारलं.

"जाऊ द्या," आनंदाबाई घास घेत म्हणाली, "तो आपला कोन लागते?"