साहेब म्हणाले, ‘दगड सोडा’

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या त्या सभागृहात सगळे पोट धरधरून हसले आणि त्याच मिनिटाला ही भानगड सुरू झाली. त्या हसण्यातून पुढं रक्त निघेल हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

मी भोंगा बोलून राहिलो. देवळावरचा नाही, लग्नातला नाही, पोलिसाच्या हातातला. मागून तोंड लावायचं, खालचा खटका दाबायचा आणि ओरडायचं. त्या खटक्याला पोलीस घोडा म्हणतात, बंदुकीच्या घोड्यासारखा. पोटात सहा सेल, तोंड लालभडक, गळ्यात काळा पट्टा. आजवर दुसऱ्याचंच बोललो. कोणी हळू बोललं तरी मी ते मोठं केलं, खरं बोललं तरी मोठं केलं आणि चुकीचं बोललं तेही मोठंच केलं. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतो, ते ऐकून घ्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही शंभरेक भाऊ एका रांगेत उभे होतो. एक माणूस प्रत्येकाच्या तोंडात ‘हॅलो, हॅलो’ म्हणत गेला. मला वाटलं, जगातली माणसं एकमेकांना हॅलोच म्हणत असतील. पोलिसाच्या गाडीत पडल्यावर माझ्यातून निघालेला पहिला शब्द मात्र होता, “हटो साले!” दुसरा शब्द इथं लिहिण्यासारखा नाही.

एकदा एका बाजारात मारामारी झाली. मी ओरडत होतो, “भागो! भागो!” आणि गल्लीची दोन्ही तोंडं पोलिसांनीच बंद केलेली. एका पोरानं विचारलं, “कुठून पळू, सांगा ना!” तर हवालदारानं उत्तर म्हणून मलाच त्याच्या डोक्यात हाणलं. पोरगं बसलं ते उठलं नाही, उचलून न्यावं लागलं. माझ्या कडेला चीर पडली. त्या चिरेत त्याचे केस किती दिवस अडकून होते. नंतर कोणीतरी वरून टेप गुंडाळली, केस आतच राहिले.

असे दिवस चालले असताना वरून हुकूम आला. साऱ्या देशातल्या पोलिसांनी एकसारख्या नियमानं वागायचं. आणि शिपायांना शिकवून उपयोग नाही, आधी त्यांच्या साहेबांना शिकवा. पाणी वरूनच खाली येते. म्हणून सौंसरला सगळे ठाणेदार, डीएसपी गोळा झाले आणि त्यांना शिकवायला भोपाळहून एक मॅडम आल्या. मी त्यातल्याच एका, अनिल साहेबांच्या हातात गेलो.

मॅडम शिकवत. गर्दीवर हात टाकण्याआधी तीनदा बजावायचं. समोरच्या माणसाच्या भाषेत बजावायचं. पळायला एक रस्ता मोकळा ठेवायचा. काठी कमरेच्या वर जाता कामा नये. आणि जो पडला तो कोणाचाही असो, पहिले त्याला उचलायचं.

मागं बसलेले एक म्हातारे ठाणेदार म्हणाले, “मैडम, भीड़ को नियम नहीं दिखता, डंडा दिखता है.”

मॅडमनी पडद्यावर एका कवटीचा फोटो लावला. काठीनं फुटलेली. म्हणाल्या, “इसकी माँ को क्या दिखा होगा?”

म्हाताऱ्या ठाणेदारांनी वही उघडली.

अनिल साहेब रीवाकडचे. तरुण, सरळ माणूस, प्रत्येक नियम मनापासून पाठ करणारा. मराठी मात्र येईना, आणि त्यापायी त्यांची भलती फजिती झालेली. त्यांचा ड्रायव्हर राजू, मोठा टवाळ. त्यानं सांगितलं, साहेब, मराठीत सुंदरला वांगं म्हणतात. साहेब एका मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी जेवायला गेले आणि त्यांच्या बायकोला म्हणाले, “भाभीजी, आपका घर बहुत वांगं है.” पूर्ण जिल्हाभर ती गोष्ट गेली. तेव्हापासून साहेबांनी ठरवलं, इथल्या माणसाला शब्द विचारायचा नाही. मोबाईलवर पाहून स्वतःच शिकायचं.

तर त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी सराव चालू होता. शिपाई गर्दी झाले होते, हातात कागदाचे गोळे. साहेबांनी बजावायचं होतं, हातातले दगड खाली टाका. हिंदीत ‘पत्थर छोड़ दो’. छोड़ म्हणजे सोड. त्यांनी घोडा दाबला आणि माझ्यातून गरजले, “दगड सोडा!”

सटासट गोळे आले. साहेबांच्या तोंडावर, मॅडमच्या चष्म्यावर. शिपाई हसून लोटपोट. आमच्याकडं बाण सोडतात, गोफण सोडतात, फटाका सोडतात. सोडा म्हटलं की हातातलं सुटलंच म्हणून समजा. मॅडमना मराठी येत नव्हती. त्या म्हणाल्या, “भीड़ ऐसी ही होती है. फिर से बोलिए.”

सगळे हसले, पण साहेबांना समजावून सांगावं असं एकाच बाईला वाटलं. दामिनी मॅडम. माहेर बोरगावचं, सासर पांढुर्ण्याचं, एका ठाण्याच्या ठाणेदार. घरी सासूजवळ दीड वर्षाची पोरगी, म्हणून दर तासाला फोन, “दूध पिली का? ताप त नाही ना?” जेवणाच्या सुट्टीत त्या अनिल साहेबांजवळ आल्या. आल्या खऱ्या, पण त्यांच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं.

“सर, सोडा म्हणू नका. सोडा म्हणजे फेका होते आमच्याकडं.”

साहेबांनी पोळीचा घास ताटात ठेवला. “वांगं के बाद अब सोडा? मैडम, आप भी?”

“मजाक नाही सर, खरंच सांगून राहिली.”

“राजू भी यही बोला था.”

त्या हसू आवरतच गेल्या, आणि साहेबांनी तेवढं हसूच पाहिलं.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला काय होते हे इकडच्यांना सांगायला नको, पण दूरच्यासाठी सांगतो. मध्ये जाम नदी. इकडं पांढुर्णा, तिकडं सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून झेंडा बांधतात. पांढुर्ण्याच्यांनी तो तोडून चंडीमातेला वाहायचा, सावरगावच्यांनी तोडू द्यायचा नाही. दोन्हीकडून गोटे. म्हणून गोटमार.

बंदोबस्ताला अनिल साहेब बाहेरून आले होते, मी त्यांच्या गळ्यात. आमच्या जवळच, पांढुर्ण्याच्या काठावर एक जोडपं भांडत होतं. बाईच्या कडेवर तान्हं पोर. तिचं नाव अश्विनी, नवऱ्याचं हेमराज. त्याच्या हातात कुऱ्हाड.

“तू पाण्यात नको उतरू. पोराची शप्पथ हाय तुले.”

“दरसाल उतरतो व. यंदाच काऊन नाही?”

“यंदा हे हाय ना!” तिनं पोराचा हात वर करून दाखवला.

“त्याच्याच नावानं झेंडा आणतो. काय भेतं एवढी?”

“माह्या माहेरचे गोटे काय तुले ओळखून बाजूनं जातीन?” तिचं माहेर सावरगावचं.

“तुह्या काकाचा नेम कधी लागला हाय?” हसला आणि उतरला.

ती तिथंच उभी राहिली. बंदोबस्तावरच्या दामिनी मॅडमनी तिला पोलिसांच्या दोरीच्या आत घेतलं, डोक्यावर ढाल धरली. “इथंच राय बाई, पोराचं डोकं झाक.”

गोटे सुरू झाले. मी खूप मारामाऱ्या पाहिल्या, पण हा आवाज वेगळाच. गोटा पाण्यात पडला की डुबुक. दगडावर पडला की टण. माणसावर पडला तर आवाजच होत नाही, नुसतं ‘हं’ असं निघते. एकाचे पुढचे दात त्याच्याच हातात आले. एका म्हाताऱ्याच्या भुवईतून रक्त गळत होतं आणि तो तसाच वाकून नवा गोटा शोधत होता. दहा-बारा वर्षांचं पोट्टं आपल्या बापाला गोटे वेचून देत होतं. वर्षभर एकमेकांना भाऊ, मामा, व्याही म्हणणारी माणसं ही.

हेमराज झाडापर्यंत पोचला. दोन घाव घातले. तिसरा घालायला हात उचलला आणि कानशिलावर गोटा बसला. कुऱ्हाड पाण्यात. तो झाडाला मिठी मारून घसरत खाली आला, अर्धं तोंड लाल. दुसरा गोटा डोळ्यावर.

 अश्विनीनं पोराला असं आवळलं की पोर कळवळलं.

आणि मग एक घडलं. दोन्ही काठांचे हात क्षणभर थांबले. माणूस झाडाला लटकून होता, पाणी लाल होऊन राहिलं होतं, आणि सगळ्यांनी ते पाहिलं. नियमात म्हटलं होतं तोच तो क्षण, आता बजावायचं आणि पडलेल्याला उचलायचं. अनिल साहेबांनी तो ओळखला. मला तोंडाला लावलं. 

“दगड सोडा! दोन्हीकडचे, दगड सोडा!”

 मग कोणीतरी खिदळलं, “साहेबच म्हणून राहिले बे! सोडा!”

पाऊस पडावा तसे गोटे पडले. हेमराजच्या पाठीवर, मानेवर. साहेबांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. तीनदा बजावायचं असते ना. त्यांनी पूर्ण जीव ओतून दुसऱ्यांदा म्हटलं, “सोडा! दगड सोडा!” पुन्हा गोट्यांची सर. जितकं ते कळवळून सांगत तितकं लोक जोरात मारत. मला तोंड असून बोलता येईना. पोटात सहा सेल जळून राहिले होते आणि शब्द एकच.

तिसऱ्यांदा साहेबांनी तोंड उघडलं तेव्हा दामिनी मॅडमनी झेप घालून त्यांचं मनगट पकडलं. “सर! सोडा म्हणजे मारा! तुम्ही मारा म्हणून राहिले!”

या वेळी त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. साहेबांनी ते तोंड पाहिलं आणि समजले. घोडा दाबलेलाच होता. ते पुटपुटले ते माझ्यातून दोन्ही काठांनी ऐकलं, “हे भगवान, मैंने क्या किया.”

मॅडमनी मला हिसकावलं. “दगड खाली टाका! माणूस मरून राहिला, खाली टाका!”

पण खाकीचा शब्द आता बाटला होता. तिकडून आवाज आला, “आधी ठरवा! सोडा का टाका?” हशा पिकला. हशा आणि गोटे, दोन्ही सोबतच.

मग मॅडमनी जे केलं ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मला अश्विनीच्या तोंडासमोर धरलं. “तुह्या माहेरचे हायेत. तू बोल.”

तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. आवाज निघाला तो फाटलेला.

“पुंडलिककाका! मी अश्विनी! तो हेमराज हाय, तुमचा जावई! लग्नात त्याचे पाय धुतले होते ना तुमी? पितळेच्या परातीत? ज्याचे पाय धुतले त्याले मारून राहिले काय, काका?”

समोरच्या काठावर पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा. हात वर, हातात गोटा. पुंडलिकराव. तो हात तसाच राहिला. मग हळूच खाली आला आणि गोटा पायाजवळ पडला. बाजूच्या पोरानं आपला उचलला तर पुंडलिकरावांनी त्याच्या थोबाडीत दिली. “टाक खाली! लेकीचं कुंकू हाय ते!” तेवढा काठ थंडावला. तिथून पुढं शब्द सरकत गेला, खाली टाका, जावई हाय, खाली टाका.

सगळं थांबलं असं नाही सांगणार. आमच्याच बाजूनं, उंचावरून, एक गोटा आला आणि माझ्या तोंडावर बसला. माझा लाल भोंगाच उडाला. त्याचा तुकडा दामिनी मॅडमचा गाल चिरून गेला. पण तोवर अनिल साहेब काठी फेकून पाण्यात उतरले होते. खांद्यावर गोटा खाल्ला, थांबले नाहीत. मागून शिपाई ढाली घेऊन गेले, हेमराजवर छप्पर केलं आणि त्याला उचलून आणलं. रस्ता मोकळा ठेवला होताच, गाडी सरळ नागपूरकडं निघाली. अश्विनी त्यात बसली तेव्हा तिच्या पदराला नवऱ्याचं रक्त आणि पोराचं दूध, दोन्ही लागलं होतं.

आणि इकडं, अर्ध्या तासानं, खेळ पुन्हा सुरू झाला.

हेमराज वाचला. उजवा डोळा गेला.

मला कोणी दुरुस्त केलं नाही. आता मी सौंसरच्या त्याच सभागृहात टेबलावर असतो. साहेब लोकांच्या नव्या तुकड्या येतात, अनिल साहेब मला उचलून दाखवतात आणि सगळं आपल्या तोंडानं सांगतात. नियम तेच आहेत, फक्त एक गोष्ट त्यांनी जोडली. बजावायचं वाक्य आधी त्या गावच्या माणसाला म्हणून दाखवायचं आणि विचारायचं, हे ऐकून तू काय करशील? एकदा अश्विनीला बोलावलं होतं. मोठमोठे साहेब एकेक वाक्य म्हणत आणि ती पोराला मांडीवर घेऊन सांगे, “हे ऐकून मी पळीन.” “हे ऐकून मले रागच येईन, साहेब.” एकाचं ऐकून म्हणाली, “तुमी काय म्हटलं तेच नाही समजलं जी.”

दामिनी मॅडमही होत्या. गालावर वण आहे. त्यांनी विचारलं, “हेमराज यंदा उतरणार काय?”

“तो म्हणते, एका डोळ्यानं गोटा कुठून येते ते दिसत नाही.” अश्विनी खाली पाहत म्हणाली. “पण पोळा जवळ आला तसा रोज काठावर जाऊन बसते. मी घरी जीव मुठीत धरून असते, बाई. अन् आता हे पोरगं चालायले लागलं.”

पोरगं तेवढ्यात अंगणात पोचलं होतं. मुठीत मावेल एवढा गोटा उचलून त्यानं हात वर केला. पूर्ण सभागृह दारातून पाहत होतं. आई भोंग्याशिवाय, अगदी हळू म्हणाली, “टाक रे राजा. खाली टाक.”

त्यानं मूठ उघडली. गोटा त्याच्या पायाजवळ पडला.

माझ्यात आता आवाज नाही. हे मला ओरडून सांगता येणार नाही, म्हणून तुमच्यावर सोपवतो. वर्दीतला माणूस भेटला तर त्याला सांगा, दुसऱ्याच्या गावात बोलण्याआधी शब्द विचारून घे, आणि सांगणारा हसत असला तरी ऐक. आणि पुढच्या पोळ्याला जाम नदीच्या कोणत्याही काठावर उभे असाल तर बाजूच्याला सांगा, त्यानं त्याच्या बाजूच्याला सांगावं. सोडा नाही. खाली टाका.