तिसरं वजन

"सर, तुमचा प्रोग्राम या नव्या कॉम्प्युटरवर चालन का? नाही तं रंजिताचा घेतो. आजच सांगा, उद्यापासून गर्दी वाढन."

दिग्रसच्या कापूस जिनिंगच्या काटाघरात मालक अमर खोळंबून उभा होता. सदाशिवराव सर नव्या कॉम्प्युटरवर चालू असलेला रंजिताचा प्रोग्राम पाहत होते. कापसाच्या वजनाचा तो प्रोग्राम त्यांनीच सव्वीस वर्षांपूर्वी, शाळेत गणित शिकवता शिकवता लिहिला होता. नव्या कॉम्प्युटरवर तो चालावा म्हणून आठ दिवस खपून त्यांनी तोड काढली होती. ती पेनड्राइव्हमध्ये, खिशात होती. पण आधी त्यांना रंजिताचा प्रोग्राम अडलेला पाहायचा होता. नव्या कॉम्प्युटरपाशी बसलेली रंजिता बंजारा तांड्यावरची, त्यांचीच विद्यार्थिनी.

काट्यावरचा लखीराम हरखला होता. "सर, पाहा तं! बाईचं कसं झकास दिसून राह्यलं!"

इतक्या वर्षांत सरांच्या पडद्याला तो कधी झकास म्हणाला नव्हता. सरांना ते लागलं.

"एका ट्रॉलीत दोन घरचा कापूस आला तं?" त्यांनी रंजिताला विचारलं.

ती थबकली. तिच्या प्रोग्रामला दोनच वजनं ठाऊक होती, भरल्या ट्रॉलीचं आणि रिकामीचं.

"सरच्यात येते ना हे," लखीराम म्हणाला. "एकाचा कापूस उतरला का मधात तिसरं वजन."

सरांना इतकं गोड वाटलं की त्यांनी मान खाली घातली.

"मंग तुमचाच ठेवू, सर?" अमरने विचारलं.

सरांचा हात खिशात गेला. तेवढ्यात रंजिताने वही उघडली, प्रश्न लिहिला आणि खाली उत्तरासाठी चार ओळी कोऱ्या सोडल्या. वर्गात सर तशाच सोडायला लावत.

"सर, हे मले नाही समजलं. पहिल्या शेतकऱ्याचं नाव बंद कवा कराचं?"

लिहून आणलेला प्रश्न सरांनी आजवर कोणाचाच परत पाठवला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली. "आण पेन्सिल."

तासाभरात तिचा प्रोग्राम तिसरं वजन घ्यायला लागला.

"वा, बाई!" लखीराम ओरडला. सरांना पुन्हा लागलं.

"अमर, हिचाच घे," ते म्हणाले. "माझा बंद कर."

जुन्या कॉम्प्युटरवर बायकोने शिवून दिलेलं कापड होतं. सरांनी ते काढून झटकलं आणि नव्यावर घातलं. "रुई लय उडते इथं. काम झालं का झाकत जा, लखीराम."

पेनड्राइव्ह तसाच खिशात घेऊन ते निघाले. दाराशी एकदा वळून पाहिलं. उघड्या जुन्या कीबोर्डवर रुई बसायला लागली होती.