रिकाम्या आकृत्या

पातेल्याचं झाकण खडखडलं आणि पुष्पावतीबाई दचकल्या. पुढ्यात शाळेचा हजेरीपट उघडा होता. उद्या तपासणीला साहेब येणार होते. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या अकरा मुलांची हजेरी त्या रोज लावत आल्या होत्या. पट घटला तर तिसगावजवळच्या त्या शाळेतली दुसऱ्या शिक्षिकेची जागा जाणार, म्हणजे त्यांचीच.

पण शाळेची भिंत गप्प बसायला तयार नव्हती. चित्रकलेच्या तासाला जुन्या देवळांतली भित्तिचित्रं शिकून मुलांनी तिच्यावर गेरू, चुना, काजळीनं 'आपली शाळा' रंगवली होती. घंटा, लिंब, गुरुजी, एकेक पोर. मधे तोडीला गेलेल्यांच्या अकरा आकृत्या मात्र नुसत्या रेषांच्या. ज्याच्या त्याच्या उंचीच्या, आत रंग नाही.

दिवस कलायच्या आत बाई चुन्याची बादली घेऊन शाळेत गेल्या. मागोमाग लेक छबू. भिंतीशी त्या अकरांतल्या बन्सीची आजी, राहीबाई, टेकली होती.

"पुसाया आलाय व्हय, बाई?"

"साहेबांनी पाहिलं तर नोकरी जाईल हो. पदरात लेकरू आहे माझ्या."

"माजा बन्सी तिकडं मोळ्या वाहतोय, अन् तुमच्या कागदात रोज शाळंत येतोय. लई गुनाचा हाय." राहीबाई हसली, मग हसू मावळलं. "हरवल्याला हुडकत्यात, बाई. घरात बसल्याला कोन हुडकंल?"

बाईंचा हात बादलीतच थबकला. अरे देवा! शाळा वाचवतेय म्हणता म्हणता आपण तर त्या लेकरांची वाटच बुजवली!

दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा नावांपुढे लाल शाईनं गैरहजेरी मांडली आणि साहेबांना भिंतीसमोर उभं केलं. "ही मुलं आमची आहेत, साहेब, पण इथं नाहीत. खोटी हजेरी मी लावली. जागा काढायची तर काढा. पण तोडीच्या ठिकाणी त्यांना शाळा हवी, हा अर्जही न्या."

साहेबांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. "कळवतो," एवढंच म्हणाले.

बंधुभगिनींनो, नसलेल्या मुलाला कागदावर हजर दाखवणं ही माया नव्हे. त्याची उणीव कबूल केली, तरच कुणी त्याला शोधायला निघेल.

साहेबांची जीप गेली. छबू बन्सीच्या आकृतीवर तळहात टेकून उभी होती.

"आई, बन्सी येईल तेव्हा यात मावेल का गं?"