गालावरचे ठिपके

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला धड वस्तू विकत घेताना मी कधी पाहिलेलं नाही. तो शिंपी आहे. पुढे रस्त्यालगत दुकान, मागे घर. दिवसभर लोकांच्या फाटक्या विजारी सांधूनही त्याचं पोट भरत नाही, म्हणून बाजारातून स्वतःसाठी मोडकं आणतो. डुगडुगणारं स्टूल, न फिरणारा पंखा, एकाच कानात वाजणारा हेडफोन. आणतो, उघडतो, जोडतो, आणि वस्तू चालू झाली की त्याचा तिच्यातला रस संपतो. बहीण म्हणते, "बरंय, माझ्यात अजून बरेच बिघाड शिल्लक आहेत."

तेव्हा तो माशांच्या दुकानातून तीन आजारी मासे घेऊन आला याचं मला नवल वाटलं नाही. वाटलं ते त्याच्या छातीचं. कारण त्या घरात आधीच एक मासोळी होती, आणि ती आमच्या आईची होती.

आई त्यांच्याकडे राहायला आली तीच मुळी एक बॅग आणि एक काचेची टाकी घेऊन. टाकीत पंजाएवढी नारिंगी मासोळी, नाव ठमाबाई. उंबऱ्यातच आईने जावयाला बजावलं होतं, "माझ्या ठमाला इथे काही झालं, तर मी थोरलीकडे निघून जाईन."

थोरली म्हणजे मी. मी चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे जिन्याकडे नुसतं बघूनच कुरकुरतात. माझ्याकडे आली तर ती एकदाच वर चढेल आणि मग खिडकीतून लोकांची डोकी मोजत बसेल. इथे दुकानाच्या दारात तिची खुर्ची असते. बटणं लावते, गिऱ्हाइकांच्या वाढत्या पोटांवर मतं देते, गल्लीतल्या भांडणांची बित्तंबातमी ठेवते. आपला फायदा कुठे आहे हे तिलाही कळतं. पण बोललेला शब्द मागे घेणं तिच्या खाती आजवर एकदाही जमा झालेलं नाही.

"जावईबापू, पिशवीत काय?"

"मासे आहेत, आई."

"जिवंत?"

"आहेत... अजून."

दुकानदार म्हणे नको नको म्हणत होता, हे सकाळपर्यंत टिकणार नाहीत. मेहुण्यांनी लगेच किंमत पाडून घेतली.

"मरणाऱ्यावर सूट मागणारा नवरा," बहीण म्हणाली. "मी जपूनच आजारी पडायला हवं."

माशांच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके होते. पर मिटून ते पिशवीच्या तळाशी बसले होते. शिवणयंत्राशेजारी टब आला. पाणी कोमट ठेवायला हीटर आला, मोजून खडेमीठ पडलं, निळं औषध पडलं. मेहुणे भिंग लावून एकेका माशाचे ठिपके तपासायचे. कुणी विचारलं, "माझा शर्ट झाला का?" तर उत्तर यायचं, "जरा थांबा, यांचं पाणी बदलतोय." आईचा हुकूम होता की त्या टबाचं जाळं, वाटी, फार काय बोटसुद्धा माझ्या टाकीत पडता कामा नये. तो कोपरापर्यंत हात धुवायचा, आणि आई मागे उभी राहून म्हणायची, "नखं राहिली."

तिघांतला एक गेला. त्या संध्याकाळी ठमाबाईच्या खास खाण्याची डबी टबाशेजारी ठेवलेली दिसली. उरलेले दोघे सुधारले. ठिपके गेले, पर उघडले, टबात शर्यती लागल्या. तरी हा पठ्ठ्या त्यांना टाकीत सोडेना; अजून थांबू, अजून थांबू. शेवटी आईच वैतागली.

"पाहुण्यांना ओसरीवर किती दिवस बसवणार? सोडा आत."

"आई, नक्की?"

"मी बोलले ते लिहून देऊ का?"

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी गेले, तर घरात काहीतरी शिजत होतं. मेहुणे काज करता करता उठले, आत गेले आणि ओल्या हाताने परत आले. मी नजर रोखली तशी मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "ताई, ठमाबाईच्या गालावर ठिपके आलेत. माझ्याच माशांनी आणला रोग. आईंना सांगू नका, मीठ घालतोय मी, जाईल."

"आईला दिसले नाहीत?"

"त्यांना जवळचं कुठे नीट दिसतं?"

समोरच्या फुटपाथवरून जाणाऱ्याची उसवलेली शिवण ओळखणारी बाई! तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मेहुणे माप घ्यायला वळले, आणि आई खुर्चीवरून उठून आत गेली. मी मागोमाग. तिच्या मुठीत खडेमीठ.

"आई!"

"हळू बोल. ठमाच्या गालावर ठिपके आलेत. त्याला कळू देऊ नकोस. आधी एक मासा गेला तेव्हा दोन दिवस नीट जेवला नाही तो."

"म्हणजे तूही मीठ घालतेस?"

"तूही म्हणजे?"

मी मनात बेरीज केली. त्याची मूठ अधिक तिची मूठ. ठमाबाई टाकीच्या कोपऱ्यात तोंड वर करून उभी होती. तिला गोड्या पाण्यातून समुद्रात आणून सोडलं होतं या दोघांनी.

"आणि माझ्याकडे निघून यायचं म्हणाली होतीस, त्याचं काय?"

आईने दुकानाकडे पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला होता. "ते ठमा गेली तर. अजून गेली नाहीये ना."

मी मेहुण्यांना हाक मारली. दोघांना टाकीपाशी उभं केलं आणि सांगून टाकलं.

"तुम्ही पण?" तो म्हणाला.

"तुम्ही पण?" ती म्हणाली.

त्याने ठमाबाईला बादलीत घेतलं, आईने चपला घातल्या, आणि आमची वरात गल्लीच्या टोकाला माशांच्या दुकानात गेली. दुकानदाराने बादलीत वाकून पाहिलं, ठमाबाईला हलकेच उजेडाकडे वळवलं.

"नाव काय हिचं?"

"ठमाबाई," आई पुटपुटली.

"बाई कसली, आजी! बुवा आहे हा." तो हसायलाच लागला. "रोगाचे ठिपके अंगभर येतात, वाटेल तिथे. हे बघा, नुसते गालावर, आणि पुढच्या परांच्या कडेला, कसे ओळीत! माद्या दिसल्या की नराला येतात असे. नवीन मासे सोडलेत ना टाकीत? त्यांच्या मागे लागतो का हा?"

"सारखा," मेहुणे म्हणाले. "मला वाटलं, भांडतेय."

"एकटा होता, त्याला तरी काय ठाऊक! काही झालेलं नाही त्याला. थोडं थोडं पाणी बदला, मीठ उतरेल."

मेहुणे तिथेच वाळूच्या पोत्यावर बसले. हसत होते की रडत, मला सांगता येणार नाही; खांदे मात्र हलत होते.

"उठा हो," आई म्हणाली. "लोक बघतायत." आणि स्वतःच त्यांच्या शेजारी टेकली.

"ते मासे खरंच जगले?" दुकानदाराचे डोळे लकाकले. "परत देता का मला? चांगला भाव देतो."

"तेव्हा फेकणार होतात ना?" आई कडाडली. तिला कंठ फुटला म्हटल्यावर माझाही जीव भांड्यात पडला.

येताना बादलीची कडी दोघांनी मिळून धरली होती. तो लांब ढांगा टाकणारा, ती गुडघे सांभाळणारी. त्यामुळे अर्धं पाणी रस्त्यावरच बदललं गेलं. घरी त्याने टाकीत नळी सोडली, आईने दुसरं टोक मोरीत धरलं, आणि पुढे तासभर मला दोघांची एकमेकांवर चाललेली खेकसाखेकस ऐकू येत होती.

"नळी वर घ्या, आई!"

"वरच आहे! डोळे फुटले का?"

संध्याकाळी मी निघाले तेव्हा आई दारापर्यंत आली. "माझ्यासाठी खोली वगैरे रिकामी केली असशील तर भरून टाक. मला इथून हलायला सवड नाही."

रिकामी केली होतीच. मी घरी पोचल्या पोचल्या तिथे दोरी बांधली आणि आठवडाभराचे कपडे वाळत घातले.