सरसाखालचा काटा

हार्लो फॉल्सच्या कॉलेजात वाळवून ठेवलेल्या मुंग्यांची कपाटं आहेत, आणि त्या कपाटांवर वेंडेल प्राउटीचं राज्य आहे. निवृत्त होऊन त्याला इतका काळ लोटला की निरोपाचं भाषण करणारे प्राचार्यही आता हयात नाहीत. तरी दर मंगळवारी तो थर्मास घेऊन येतो, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतो आणि ओडील गान्योच्या कामातल्या चुका काढतो. ओडील या संग्रहाची रीतसर प्रमुख. काम तिचं, मान त्याचा, अशी वाटणी दोघांनी कधी न बोलता करून टाकली होती.

वेंडेलचा एक हट्ट होता. या धंद्यात मुंगीला टाचणी टोचत नाहीत. टाचणीवर कागदाचा इवलासा त्रिकोण बसवतात आणि त्याच्या टोकाला मुंगी चिकटवतात. बाकीच्या जगानं त्यासाठी नवेनवे गोंद आणले, वेंडेलनं हाडांचा सरस सोडला नाही. "आमच्या आजोबांनी सरसानं जोडलेल्या खुर्च्या अजून हलत नाहीत," तो म्हणायचा. मुंगीवर बसणार कोण, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी पानगळीत ओडीलनं टेकडीवरच्या ओकांखालून टोपीवाली फळं गोळा केली. या भागातल्या पिवळट मुंग्या किड्यानं पोखरलेल्या एकेका फळात सगळा संसार थाटतात. एक फळ फोडलं तर आत घरच्या राणीशेजारी आणखी एक राणी निघाली. लहानखुरी, काळसर, तेल लावल्यासारखी चकचकीत. तिच्या स्वतःच्या कामकरी मुंग्या कुठेच नव्हत्या. घरच्याच मुंग्या तिला भरवत होत्या, चाटूनपुसून ठेवत होत्या. नाताळला आलेली आणि उन्हाळ्यापर्यंत न हललेली आत्या असावी, तसा तिचा थाट.

ओडीलनं ती मायक्रोस्कोपखाली उलटी केली. मुंगीच्या कमरेला मण्यासारखी गाठ असते. त्या मण्याच्या खालच्या अंगाला एक बारीक काटा होता.

असा काटा एकाच बाईनं पूर्वी पाहिला होता. इमोजीन स्ट्रॅटन, वेंडेलची जुनी विद्यार्थिनी. तरुणपणी तिला अशी एकच राणी सापडली, तिनं काट्यासकट वर्णन छापलं, नवी जात म्हणून नाव दिलं. पुढे वेंडेलनं आपला मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात ते नाव रद्द केलं. 'नमुना तपासला. काटा नाही. साध्याच मुंगीची खुरटलेली राणी.' तिन्ही वाक्यं छोटी होती, पण इमोजीननं मुंग्या सोडल्या आणि वडिलांची सफरचंदाची बाग धरली. तेव्हापासून दोघं पोस्टात समोरासमोर आली की हवामानाबद्दल बोलत.

मंगळवारी ओडीलनं इमोजीनचा तो एकुलता नमुना कपाटातून काढला. पाहते तर कमरेखाली सगळा तपकिरी सरसाचा गोळा. काटा असला तरी आत, नसला तरी आत.

"बघितलंस?" वेंडेल म्हणाला. "इमोजीनचा हात. पावाला जॅम लावावा तसा सरस लावायची बाई."

"मग काटा नाही हे तुम्हाला दिसलं कसं?"

वेंडेलनं थर्मासचं झाकण फिरवलं. "दिसला नाही, असं लिहिलं मी."

"काटा नाही, असं लिहिलंय."

"लिहिण्याच्या ओघात होतं असं. हे बघ पोरी, तुझ्याकडे ताजा नमुना आहे. नवं नाव दे, मोकळी हो. इतकंच वाईट वाटत असेल तर मुंगीला इमोजीनचं नाव दे. म्हातारी खूश होईल."

सल्ला व्यवहाराचा होता. या धंद्यात आधी दिलेलं नाव टिकतं आणि देणाऱ्याचं आडनाव त्याच्या शेपटीला कायमचं छापलं जातं. इमोजीनच्या राणीला काटा निघाला तर ही मुंगी इमोजीनची. ते सिद्धच झालं नाही तर ओडीलची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुंग्यांवरची धूळ झटकणाऱ्या ओडीलच्या नावावर अजून एकही मुंगी नव्हती. हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं कुणी म्हणेल, तर त्यानं ओडीलला पाहिलेलं नाही. विचार आला, दोन दिवस राहिला, जेवलाही. तिसऱ्या दिवशी ती बागेत गेली.

इमोजीन शेडमध्ये डोनट तळत होती. ओडीलचं सगळं ऐकून घेईपर्यंत तिनं झारा खाली ठेवला नाही.

"माझं नाव मुंगीला? ते मेलेल्यांचं देतात. मी मुंगीला नाव दिलं होतं. उलट नव्हतं ते."

"काटा नक्की पाहिला होतात?"

"राणी अल्कोहोलमध्ये तरंगत होती तेव्हा. चिकटवायच्या आधी."

"मग एवढा सरस कशाला लावलात?"

"मी?" इमोजीन हसली. "माझा हात थरथरायचा. एकुलती एक आहे, पडली तर गेली, म्हणून वेंडेलनं माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतः चिकटवली. फार जिव्हाळ्यानं."

जिव्हाळ्याचा तो गोळा ओडीलच्या डोळ्यांसमोर आला.

"सरस कोमट पाण्यात सुटतो," ती म्हणाली. "पण मुंगी फार जुनी आहे. मोडली तर तुमचं नाव कायमचं गेलं."

"आत्ता तरी नाव कुठे आहे?" इमोजीननं डोनट साखरेत घोळवले. "आणि हात लावला नाहीस तर मुंगी तुझी, इतकं मला अजून कळतं. मग इथे कशाला आलीस?"

"डोनट खायला."

"खा मग. आणि भिजव."

ओडीलनं मुद्दाम मंगळवारपर्यंत वाट पाहिली. वेंडेल आला, त्यानं कोमट पाण्याची बशी पाहिली आणि कोट न काढताच विचारलं, "इमोजीन काय म्हणाली?"

"म्हणाली, चिकटवली तुम्ही."

वेंडेल कोटासकट खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. त्याला खरंच आठवत नव्हतं की सोयीनं आठवत नव्हतं, याचा निवाडा ओडीलनं केला नाही. मग तो उठला, बशीत बोट बुडवून म्हणाला, "अजून जरा कोमट कर. घाई करू नकोस. आपोआप सुटू दे."

सरस फुगला, पांढरट झाला, मग हळूहळू धाग्यांसारखा निघू लागला. नव्या गोंदानं चिकटवलेली असती तर काही उपाय नव्हता. एक मागचा पाय सुटून बशीत फिरला. ओडील चिमटा घेऊन त्याच्यामागे लागली. वेंडेल म्हणाला, "पाय जाऊ दे. आपल्याला कंबर हवी." राणी कागदावरून सुटली आणि पाण्यात उलटी झाली.

ओडीलनं आधी पाहिलं. मग मायक्रोस्कोप त्याच्याकडे सरकवला.

वेंडेल इतका वेळ वाकून राहिला की त्याच्या पाठीची तिला काळजी वाटली.

"सरस जास्त झाला होता," तो म्हणाला.

"हो."

"इमोजीननं दिलेलं नाव परत लाव. आणि चूक ग्रंथ लिहिणाऱ्याची होती, असं स्वच्छ छाप. ओघात लिहू नकोस." तो कोटाची बटणं चाचपू लागला. "तिला फोन तू करशील की मी?"

"तुम्ही करा. हवामान सोडून बोला."

इमोजीन दुपारी आली, हातावर अजून साखर. खिडकीजवळच्या खुर्चीतून वेंडेल उठला. ती खुर्ची त्यानं अजून कुणालाही दिली नव्हती. इमोजीन बसली आणि डोळा लावून आपली राणी पाहू लागली.

"पाय कुठे गेला हिचा?"

"बशीत आहे," ओडील म्हणाली. "वेगळा चिकटवते."

"तू चिकटव. याच्या हातात सरसाची बाटली देऊ नकोस."

"अल्कोहोलमध्येच ठेवा की," वेंडेल पुटपुटला.

इमोजीननं पायाशी ठेवलेली पिशवी टेबलावर उपडी केली. बागेच्या कडेच्या ओकांची फळं टेबलभर गडगडली. "हिच्या ताज्या बहिणी आमच्याकडे असतील तर त्या कुणी मोजल्यात? कामकरी खरंच नसतात की कुणी नीट शोधल्याच नाहीत? ओडील, ते शोधणं तुझं. माझं फक्त नाव." तिनं एक पोखरलेलं फळ उचललं आणि वेंडेलपुढे धरलं. "फोड. तेवढं जमेल तुला."

वेंडेलनं खिशातला चाकू काढला आणि दुसरी खुर्ची ओढली.